अठ्ठावीस तासांचा प्रकाश, दोन वर्षांची वजाबाकी

ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेचे कनक साहा आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांचा एक शोधनिबंध ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने एका लहानशा, अतिदूरच्या दीर्घिकेतून निघालेला तीव्र अतिनील प्रकाश टिपला होता. ९.३ अब्ज प्रकाशवर्षे हा आकडा साहजिकच सगळीकडे मथळ्यात झळकला. मला मात्र त्या बातमीतले दोन लहान आकडे अधिक बोलके वाटतात. दुर्बिणीने आकाशाचा तो तुकडा ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला होता. आणि टिपलेला प्रकाश खरोखर त्याच दीर्घिकेतून आला, याची खात्री करून घेण्यात पुढची जवळजवळ दोन वर्षे खर्ची पडली.

प्रकाश गोळा करायला सव्वा दिवस, आणि त्यातला आपला कोणता व परका कोणता हे निवडायला दोन वर्षे! विद्यार्थी अनेकदा विचारतात की, तेजोमेघांची आणि दीर्घिकांची ती सुंदर छायाचित्रे खरी असतात की संगणकावर ‘बनवलेली’. या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते शोधायचे तर सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जायला हवे, कारण अंधुक वस्तूचे छायाचित्र हा एक दावा असतो आणि तो कसा तपासायचा हे खगोलशास्त्रज्ञ टप्प्याटप्प्याने, ठेचकाळत शिकले.

सूर्य वगळता पहिल्या ताऱ्याचे छायाचित्र १८५० च्या जुलैमध्ये हार्वर्ड वेधशाळेत घेतले गेले. तारा होता अभिजित, आणि छायाचित्र उमटले ते चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. अभिजितसारख्या तेजस्वी ताऱ्याचेच ते जमले. नंतर आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचपट्ट्या अधिक संवेदनशील होत्या. पण नावाप्रमाणेच त्या ओल्या असेपर्यंतच कामाच्या. काही मिनिटांत लेप वाळायचा आणि एक्सपोजर तिथेच संपायचे. तेजोमेघ इतक्या थोड्या वेळात काचेवर उमटण्याइतका प्रकाश देत नाही. म्हणून चंद्र, सूर्य, ग्रहणे यांची छायाचित्रे निघत राहिली आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ मात्र अजून चित्रकारांच्या पेन्सिलीवरच अवलंबून होता. एकाच मेघाची दोन निरीक्षकांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच वस्तूची आहेत हे पटणे कठीण जाई.

हे चित्र बदलले ते जिलेटिनच्या कोरड्या प्लेटमुळे. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ मध्ये ती कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस तशा प्लेट बाजारात मिळू लागल्या. कोरड्या प्लेटला घाई नसते. न्यूयॉर्कजवळ स्वतःची वेधशाळा चालवणारे हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री ११ इंची दुर्बिणीला अशी प्लेट जोडली आणि ५१ मिनिटांचे एक्सपोजर देऊन मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र मिळवले. १८८२ च्या मार्चमध्ये ते १३७ मिनिटांपर्यंत पोहोचले, आणि त्याच वर्षाअखेर अकाली निधन पावले. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच मेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात डोळ्याला त्याच दुर्बिणीतून न दिसणारे तारे उमटले होते. डोळा सेकंदाच्या एका लहानशा अंशापलीकडे प्रकाश साठवत नाही. तासभर टक लावून बसा, दिसायचे तेवढेच दिसते. प्लेट मात्र आलेला प्रत्येक थेंब जपून ठेवते. कॉमन यांच्या छायाचित्रापासून छायाचित्रण हे निरीक्षणाची नोंद ठेवण्याचे साधन राहिले नाही. ते स्वतःच निरीक्षण झाले.

आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळच्या आपल्या वेधशाळेतून २० इंची दुर्बिणीने २९ डिसेंबर १८८८ रोजी देवयानीच्या ‘तेजोमेघा’ला तब्बल चार तासांचे एक्सपोजर दिले. प्रथमच त्याचे सर्पिल वळण स्पष्ट दिसले. (त्याच १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. तिथले काम प्रामुख्याने वर्णपटाचे होते. तिची २० इंची दुर्बीण पुढे १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली.) रॉबर्ट्स यांचे छायाचित्र उत्तम होते, त्याचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र चुकला. आपण एका जन्माला येणाऱ्या सूर्यमालेकडे पाहत आहोत असे त्यांना वाटले. प्रतिमा बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे नेहमी ध्यानात ठेवावे. याच्या उलटही घडते: एडवर्ड बर्नार्ड यांच्या आकाशगंगेच्या छायाचित्रांत ताऱ्यांच्या गर्दीत काळ्या रिकाम्या जागा दिसत. त्या आकाशातल्या पोकळ्या असाव्यात असे ते सुरुवातीला मानत. वर्षानुवर्षे एकेका प्लेटला कित्येक तास देऊन, पुन्हा पुन्हा तपासून, हे ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे पदार्थाचे ढग आहेत असे मत हळूहळू पक्के होत गेले. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या खुणांची सूची प्रसिद्ध केली. त्यांच्या आकाशगंगेच्या छायाचित्रसंग्रहासाठी छापील ठसे न वापरता प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवले गेले, आणि ३५ हजारांहून अधिक फोटोंपैकी प्रत्येक बर्नार्ड यांनी स्वतः नजरेखालून घातला. छपाईत हरवणारी अंधुक छटा म्हणजे हरवलेले विज्ञान, हे त्यांना ठाऊक होते.

त्या काळच्या एक्सपोजरची कल्पना आज करणे अवघड आहे. दुर्बिणीला घड्याळयंत्र असे, पण ते पुरेसे अचूक नसे. निरीक्षकाने जोडदुर्बिणीला डोळा लावून मार्गदर्शक तारा कोळ्याच्या धाग्यांच्या फुलीवर धरून ठेवायचा. थंडीत, चार-पाच तास, हात सूक्ष्म गतीच्या चाकावर.

इथे एक अडचण उभी राहिली. जितके लांब एक्सपोजर, तितके प्लेटवरचे खरे आणि खोटे दोन्ही ठिपके वाढतात. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसचे पॉल आणि प्रॉस्पेर हेन्री या बंधूंना कृत्तिकेतील माया या ताऱ्याभोवती प्लेटवर एक अस्पष्ट पट्टा दिसला. तो तेजोमेघ की प्लेटमधला दोष? पुढे रशियातील पुल्कोव्हो वेधशाळेच्या ३० इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनी दिसला तेव्हा शंका फिटली. पण प्रत्येक ठिपक्यासाठी पुल्कोव्होला कोण विचारणार?

१८८७ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प ठरला: ‘कार्त द्यु सिएल’, म्हणजे आकाशाचा नकाशा. त्यातल्या नकाशाच्या प्लेटसाठी काढलेली युक्ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. एकाच प्लेटवर तीन लांब एक्सपोजर द्यायची, पण दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची, अशी की प्रत्येक तारा एका चिमुकल्या त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर उमटेल. धुळीचा कण किंवा रसायनातला डाग एकटाच राहील. जो त्रिकोण, तो आकाशातला. जो एकटा, तो काचेवरचा. या त्रिकोणात कुणीही भिंग घेऊन तपासू शकेल असा पुरावा होता.

या प्रकल्पात आपल्या देशाचा वाटा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो. हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारायला घेतली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा या नावाने ओळखली गेली. तिच्या ८ इंची छायाचित्रण दुर्बिणीकडे दक्षिणेतील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा सोपवला गेला. ते काम १९२९ पर्यंत चालले. त्यानंतर मूळ पॉट्सडॅमकडे असलेला उत्तरेतील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही हैदराबादनेच पूर्ण केला. टी. पी. भास्करन यांच्यासारख्या भारतीय संचालकाच्या हाताखाली प्लेटवरच्या लक्षावधी ठिपक्यांची मोजमापे घेतली गेली. नकाशाचा भव्य बेत कधीच पूर्ण झाला नाही. कित्येकांनी तो वाया गेलेला खटाटोप मानला. पण सोबतची तारासूची पूर्ण झाली आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायको-२’ या २५ लाख ताऱ्यांच्या सूचीत ताऱ्यांच्या गती काढण्यासाठी जुन्या स्थानांचा आधार म्हणून ती वापरली गेली. हैदराबादला रात्री जागून घेतलेल्या त्या प्लेट अशा रीतीने अंतराळयुगात उपयोगी पडल्या.

प्लेटची एक खोड मात्र कुणालाच सुटेना. एक्सपोजर दुप्पट केले म्हणजे काळेपणा दुप्पट होतो असे नाही. प्रकाश जितका मंद, तितकी प्लेट आळशी होत जाते. कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी हे सूत्रात बसवले. या आळसावर उपाय म्हणून पुढे प्लेट मंद आचेवर तापवणे, नायट्रोजन-हायड्रोजन वायूंत मुरवणे असे स्वयंपाकघरात शोभतील असे प्रयोग झाले. प्रक्रियेची खरी कला दाखवली ती ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी. प्लेटची मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत मूळ प्लेटवर ठेवून छापली की ढोबळ उजळपणा कापला जातो आणि आतले बारकावे वर येतात. लेपाच्या वरच्या थरातली अतिअंधुक छटा वेगळी उठवण्याची त्यांची दुसरी रीत होती. या काळोख्या खोलीतल्या वजाबाकीतून लंबगोल दीर्घिकांभोवतीची अंधुक कवचे सापडली आणि १९८० च्या दशकात ‘मॅलिन-१’ ही अवाढव्य, पण जवळजवळ अदृश्य दीर्घिका उजेडात आली. पुढे ॲस्ट्रोसॅटनेही तिचे निरीक्षण केले. आज फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनशार्प मास्क’ हे बटण दाबणाऱ्या किती जणांना माहीत असते की हा मुखवटा एके काळी खरोखरच फिल्मचा तुकडा होता?

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. त्यासाठी २००९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. सीसीडीची संवेदनशीलता सर्वांना ठाऊक आहे: प्लेटवर शंभरातले एक-दोन फोटॉन सार्थकी लागत, इथे बहुतेक सगळे लागतात. पण माझ्या मते त्याचा मोठा गुण सरळपणा हा आहे. दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. म्हणूनच प्रतिमा हे गणित झाले आणि वजाबाकी प्रामाणिकपणे करता येऊ लागली. झाकण लावून तितक्याच वेळाची, तितक्याच तापमानाची ‘डार्क’ चौकट घ्यायची. ती संवेदकाची स्वतःची उष्णता सांगते, ती वजा करायची. सम प्रकाशाची ‘फ्लॅट’ चौकट घ्यायची. ती भिंगावरच्या धुळीची कडी आणि कोपऱ्यांतला काळोख सांगते, तिने भागायचे. हे झाल्यावर उरते ते आकाश, आणि त्यातही नॉइज असतोच. शंभर फोटॉन मोजले तर दहाचा चढउतार निसर्गतःच असतो. दहा हजार मोजले तर शंभराचा. म्हणजे एक्सपोजर चौपट केले की प्रतिमा दुप्पट स्वच्छ होते. या वर्गमुळातून सुटका नाही.

मग चार तासांचे एकच एक्सपोजर का देत नाहीत? कारण एखादे विमान, उपग्रहाची रेघ किंवा वाऱ्याची झुळूक सगळे वाया घालवू शकते. त्याऐवजी काही मिनिटांच्या शंभर चौकटी घ्यायच्या, दोन चौकटींच्या मध्ये दुर्बीण थोडी सरकवायची आणि मग तारे जुळवून बेरीज करायची. तारे एकावर एक बसतात. संवेदकावरचा सदोष ठिपका दर वेळी वेगळ्या जागी पडून बाद होतो. हेन्री बंधूंच्या काळातला त्रिकोणच हा, फक्त शंभर कोपऱ्यांचा. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीने दहा दिवस आकाशाच्या एका रिकाम्या भासणाऱ्या ठिपक्याकडे पाहून ३४२ एक्सपोजर घेतली ती याच पद्धतीने. त्या बेरजेतून सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या.

आता पुन्हा ॲस्ट्रोसॅटकडे. त्याच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा ३७.५ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. मग लहान आरशाला जे जमले ते मोठ्याला का नाही? उत्तर पार्श्वभूमीत आहे. हबलचा संवेदक प्रत्येक चौकट वाचताना स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो. ॲस्ट्रोसॅटचा संवेदक सेकंदाला जवळजवळ २९ चौकटी घेऊन त्यातले फोटॉन एकेक करून मोजतो. मोजणीत मिसळायला फारसे काही उरत नाही. उपग्रह सतत किंचित डोलत असतो. त्याची दृश्य प्रकाशातली दुर्बीण त्याच ताऱ्यांकडे पाहून तो डोल नोंदवते, आणि जमिनीवर आल्यावर प्रत्येक फोटॉन त्याच्या मूळ जागी परत नेऊन ठेवला जातो. कोळ्याच्या धाग्यांवर तारा धरून बसणाऱ्या निरीक्षकाचे काम हे, केवळ घटना घडून गेल्यानंतर केलेले. तरीही दोन वर्षे लागली, कारण मोजके फोटॉन शेजारच्या एखाद्या वस्तूचे नाहीत, पार्श्वभूमीचा योगायोग नाहीत, हे प्रत्येक शक्यता घेऊन खोडावे लागले.

हौशी निरीक्षकांनाही हेच नियम लागू असतात. देवयानी ही बहुधा सर्वाधिक छायाचित्रे निघालेली दीर्घिका. रॉबर्ट्सपासून सव्वाशेहून अधिक वर्षे लोक तिच्याकडे कॅमेरे रोखून आहेत. तरी २०२२ मध्ये यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर या हौशी मंडळींना ऑक्सिजनच्या हिरवट-निळ्या प्रकाशापुरता गाळणी लावून, अनेक रात्रींची एक्सपोजर एकत्र केल्यावर तिच्या शेजारी एक विस्तीर्ण, अतिअंधुक कमान दिसली. पहिली शंका अर्थातच दोषाची: काचेतले परावर्तन तर नव्हे? त्यांनी वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या उपकरणांनी तीच कमान टिपली जाते का हे पाहिले आणि मगच जानेवारी २०२३ मध्ये ती जाहीर केली. ती देवयानीच्या परिसरातली की आपल्याच आकाशगंगेतली, यावर पुढे बराच खल झाला. ती आहे, यावर नाही.

यामुळेच अलीकडच्या एका प्रकाराबद्दल मला काळजी वाटते. प्रतिमा ताणून अंधुक भाग वर आणणे, तीन गाळण्यांना तीन रंग देणे हे सर्व नोंद ठेवून केले तर वाजवी आहे; मूळ आकडे त्याने बदलत नाहीत. पण शिकवलेल्या तेजोमेघांच्या आठवणीवरून रिकाम्या जागी तंतू आणि पापुद्रे रेखाटणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वेगळी. ती नॉइज काढत नाहीत, त्याच्या जागी अंदाज भरतात. शोभेच्या चित्राला ते चालेल. अशा चौकटीत देवयानीची कमान दिसली असती तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला असता?

आणि एक गोष्ट कोणत्याच प्रक्रियेने परत मिळत नाही. समजा, एका तेजोमेघातून संवेदकाच्या एका चौकोनात मिनिटाला एक फोटॉन येतो आणि काळोख्या आकाशाची पार्श्वभूमी मिनिटाला दहा. शंभर मिनिटांत मेघाचे शंभर फोटॉन, एकूण अकराशे, नॉइज सुमारे ३३. म्हणजे मेघ नॉइजच्या तिप्पट, ओळखता येईल असा. आता शहराजवळचे, वीसपट उजळ आकाश घ्या: एकूण २०,१००, नॉइज सुमारे १४२. मेघ बुडाला. तेवढीच स्पष्टता हवी असेल तर शंभर मिनिटांऐवजी तीस तास हवेत. दिव्यांचा उजेड वजा करता येतो. त्याने आणलेला चढउतार वजा करता येत नाही.

लडाखमध्ये समुद्रसपाटीपासून ४५०० मीटर उंचीवर हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, आणि ती चालवली जाते बंगळूरजवळच्या होसकोटेहून. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या भोवतालचा १०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली. हानलेच्या गावकऱ्यांनी दिव्यांना छत्र्या लावल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले. त्यांच्यातल्या काहींना दुर्बिणी देऊन प्रशिक्षित केले आहे. आता पर्यटकांना आकाश दाखवण्याचे काम तेच करतात, आणि वाहनाचे पुढचे दिवे मालवा असे आधी सांगतात.